किवीएसडीआर : नेटवरच्या भांडणात उभा केलेला साक्षीदार

किवीएसडीआर हा १० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंतचा सगळा पट्टा एकदम घेणारा आणि इंटरनेटवरून तो इतरांनाही ऐकू देणारा रेडिओ रिसीव्हर आहे. त्याची परीक्षणे बहुधा संवेदनशीलता, डायनॅमिक रेंज (क्षीण आणि जोरदार संदेश एकत्र पेलण्याची क्षमता) आणि वॉटरफॉलचा, म्हणजे पडद्यावर सरकत जाणाऱ्या फ्रिक्वेन्सी-चित्राचा, देखणेपणा या अंगांनी लिहिली जातात. मी तो घेतला त्याचे कारण वेगळे होते. ४० मीटर बँडवरच्या ज्या नेटला, म्हणजे ठरलेल्या वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर भरणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांच्या सभेला, मी अनेक वर्षे नेमाने हजेरी लावतो, तेथे व्यत्ययावरून इतकी भांडणे माजली होती, की नेटचा निम्मा वेळ ‘तो कोण’ याच चर्चेत जाई आणि उरलेल्या वेळात ज्यांची नावे घेतली गेली ते आपली बाजू मांडत. दीड वर्ष हे यंत्र वापरल्यानंतर मी त्याचे परीक्षण त्या एकाच दृष्टीने करतो आहे: अमुक माणूस मुद्दाम त्रास देतो असा आरोप झाला, तर त्यातले खरेखोटे करायला हा रिसीव्हर आणि त्याच्याभोवती उभे राहिलेले जाळे कितपत कामाला येते?

यंत्राविषयी आवश्यक तेवढेच सांगतो. २०१६ साली किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करून हा रिसीव्हर बाजारात आला. अँटेनाकडून येणारा सगळा पट्टा १४ बिटांचा एडीसी हा रूपांतरक थेट अंकांत उतरवतो, एफपीजीए ही जुळवता येणारी चिप त्यातून श्रोत्यांना स्वतंत्र चॅनल काढून देतो आणि बीगलबोन नावाचा छोटा संगणक ते ब्राउझरपर्यंत पोचवतो. नेहमीच्या मांडणीत चार जण एकाच वेळी चार वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी ऐकू शकतात आणि श्रोत्याला स्वतःच्या संगणकावर काहीही बसवावे लागत नाही. बोर्डावर जीपीएस रिसीव्हरही आहे. त्याचे महत्त्व पुढे येईल. मालकाची इच्छा असेल तर त्याचा रिसीव्हर सार्वजनिक यादीत दिसतो. अशा यादीत जगभरचे शेकडो रिसीव्हर आहेत आणि माझ्या मते खरे उत्पादन ही यादीच आहे. एकटा ठेवलेला किवी हा एक बरा रिसीव्हर आहे, त्याहून फार काही नाही.

आमच्या नेटवर तक्रारी चार होत्या. नेट सुरू होऊन पाव तास झाला, की एक केंद्र आमच्याच डोक्यावर सीक्यू (कुणीही उत्तर द्यावे अशी हाक) देऊ लागे. कुणीतरी अधूनमधून दहा-पंधरा सेकंदांचा निव्वळ कॅरियर, म्हणजे बोलण्याविना नुसती लहर, टाकून निघून जाई. शेजारच्या नेटमधला एक जण स्प्लॅटर करतो, म्हणजे त्याचा संदेश हद्दीबाहेर फाटतो, आणि त्याचा आवाज आमच्यापर्यंत पसरतो, असे तिघांचे म्हणणे होते. चौथी तक्रार माझी स्वतःची होती: संध्याकाळ झाली की एक गुरगुरणारा आवाज हळूहळू सरकत आमच्या फ्रिक्वेन्सीवर येऊन बसे. प्रत्येक तक्रारीमागे सभासदांनी एकेक नाव धरून ठेवले होते आणि त्यांतल्या दोन तक्रारींमागे एकाच गृहस्थाचे नाव होते, कारण जुन्या एका वादात त्यांनी आमच्या नेट-कंट्रोलला, म्हणजे नेट चालवणाऱ्याला, खडे बोल सुनावले होते.

किवीने सर्वांत चोख काम केले ते पहिल्या तक्रारीत. दिवसा ४० मीटरवर जवळची केंद्रे चांगली ऐकू येतात, कारण लहर जवळपास सरळ वर जाऊन आयनांबरावरून खाली परतते. सूर्यास्तानंतर आयनांबर विरळ होत जाते, उभी गेलेली लहर परत येत नाही आणि तिरकी गेलेली तेवढी दूरवर उतरते. त्यामुळे केंद्राभोवती काहीशे किलोमीटरचा एक मूक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यातल्या माणसाला ते केंद्र अजिबात ऐकू येत नाही, पण दोघांच्याही लहरी दूरच्या तिसऱ्याकडे एकमेकींवर आदळतात. हे परवान्याच्या परीक्षेसाठी प्रत्येक हॅमने, म्हणजे हौशी रेडिओवाल्याने, वाचलेले असते आणि भांडणाच्या वेळी बहुतेक सगळे ते विसरतात. सीक्यू देणारे केंद्र आमच्या कंट्रोलच्या अशाच मूक पट्ट्यात असावे, असा मला संशय होता. त्या केंद्राच्या प्रदेशातला एक सार्वजनिक किवी मी उघडला आणि सलग चार संध्याकाळी तेथून आमचे नेट ऐकले. नेट-कंट्रोलचा मागमूस नव्हता. वीसेक सभासदांपैकी दोघे दूरचे तेवढे गोंगाटातून जेमतेम उमटत होते, आणि तेही आपली पाळी आली तरच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मी त्याच रिसीव्हरवर ऐकली. सीक्यू देण्यापूर्वी ते केंद्र दर वेळी दोनदा विचारत होते, फ्रिक्वेन्सी वापरात आहे का. ज्या दोघांना हा प्रश्न ऐकू जात होता ते गप्प राहत, कारण कंट्रोलच्या परवानगीशिवाय बोलायचे नाही ही आमची शिस्त. आणि ज्या कंट्रोलने उत्तर द्यायचे, त्याला तो प्रश्न ऐकूच जात नव्हता, किंवा गेला तरी त्याचे उत्तर तिकडे पोचत नव्हते. म्हणजे आमच्या शिस्तीने आमचाच घात केला होता आणि आम्ही त्या माणसाला सात-आठ महिने उर्मट ठरवून मोकळे झालो होतो. पुढच्या आठवड्यात त्या दोन सभासदांना अशा प्रश्नाला थेट उत्तर देण्याची मुभा दिली. पहिल्याच संध्याकाळी त्यांच्यातल्या एकाने सौजन्याने विनंती केली आणि समोरच्याने मिनिटभरात ५ किलोहर्ट्झ वर सरकून आमची क्षमाही मागितली. ती खरे तर आम्ही मागायला हवी होती.

येथे नियमांविषयी एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे, कारण वर्षानुवर्षे एकाच जागी भरणाऱ्या नेटला ती जागा आपलीच वाटू लागते. अमेरिकेच्या हौशी सेवेच्या नियमावलीत, म्हणजे त्यांच्या ९७व्या भागात, कोणतीही फ्रिक्वेन्सी कुणा एका केंद्राच्या एकट्याच्या वापरासाठी नेमून दिलेली नाही असे स्पष्ट लिहिले आहे, आणि त्याच कलमात पुढे जाणूनबुजून किंवा द्वेषबुद्धीने व्यत्यय आणण्यास मनाई केलेली आहे. ही दोन्ही वाक्ये एकाच कलमात आहेत हे मला फार अर्थपूर्ण वाटते. सगळा वाद ‘जाणूनबुजून’ या शब्दापाशी येऊन थांबतो, आणि समोरच्याला काय ऐकू येत होते हे कळल्याशिवाय त्या शब्दाचा निकाल लागत नाही. त्याच्या प्रदेशात बसून ऐकण्याची सोय पूर्वी कुणाकडे नव्हती. ती या जाळ्याने दिली.

आता ज्या सोयीसाठी बहुतेक लोक किवीकडे वळतात तिच्याकडे येतो. टीडीओए हे या जाळ्यातले साधन २०१८ पासून उपलब्ध आहे. एकच संदेश वेगवेगळ्या रिसीव्हरांवर किती फरकाने पोचला, यावरून प्रक्षेपण कोठून झाले असावे याचा अंदाज ते नकाशावर रंगीत डागाच्या रूपाने दाखवते. ज्यांचे जीपीएस चालू आहे असे काही रिसीव्हर निवडायचे, फ्रिक्वेन्सी द्यायची आणि सुमारे अर्ध्या मिनिटाचे ध्वनिमुद्रण झाले की गणित आपोआप होते. कल्पना सोपी आहे: रेडिओलहर एका मिलिसेकंदात सुमारे ३०० किलोमीटर जाते आणि प्रत्येक रिसीव्हरच्या मुद्रणावर जीपीएसच्या घड्याळाची मोहर असते. पण आकडे जरा जवळून पाहिले, की उत्साह आवरावा लागतो. किवीचे मुद्रण सेकंदाला सुमारे १२ हजार नमुन्यांचे असते, म्हणजे एका नमुन्याचे अंतर २५ किलोमीटरच्या आसपास. त्याहून बारीक अंदाज गणिताने काढता येतो हे खरे. परंतु लहर सरळ न येता अडीचशे ते चारशे किलोमीटर उंचीवरून परावर्तित होऊन येते, कधी एका उडीत तर कधी दोन उड्यांत, आणि त्या वाढीव वाटेने होणारी चूक या सगळ्यापेक्षा मोठी ठरते.

आमच्याकडे जे घडले ते असे. एका संध्याकाळी निघालेल्या डागाचा सर्वांत गडद बिंदू एका सभासदाच्या मते ‘त्या’ गृहस्थांच्या गावाजवळ पडला होता. त्याने ते चित्र सगळ्यांना पाठवले आणि आता पुरावाच मिळाला असे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रयोग वेगळे पाच रिसीव्हर निवडून केला, तर गडद बिंदू सुमारे चारशे किलोमीटर दूर गेला. तिसऱ्या दिवशी तो समुद्रात होता. त्यात साधनाचा दोष नाही. आम्ही शोधत होतो तो निव्वळ कॅरियर, आणि कॅरियरमध्ये काळाची खूण धरायला काही नसतेच. त्याचे प्रत्येक आवर्तन मागच्यासारखेच असते, त्यामुळे दोन मुद्रणे कोठे जुळवायची हे गणिताला कळत नाही. जेवढा संदेश रुंद आणि अनियमित, तेवढा टीडीओएचा अंदाज बरा. म्हणूनच क्षितिजापलीकडच्या रडारांसारखे हौशी पट्ट्यांत घुसणारे रुंद संदेश हे साधन झकास पकडते. १९७६ ते १९८९ या काळात सेकंदाला दहा ठोके देत पट्ट्यांवरून फिरणाऱ्या सोव्हिएत ‘वुडपेकर’ रडाराचा माग काढायला त्या काळच्या हॅमना दिशादर्शक अँटेना आणि पुष्कळ चिकाटी लागली होती; तसले काही आज ऐकू आले तर त्याचा प्रदेश चहा होईपर्यंत समजतो. रडाराच्या बाबतीत प्रदेश समजला की काम झाले. माणसाच्या बाबतीत तो डाग म्हणजे शेकडो परवानाधारकांचा मुलूख असतो आणि त्यातून एक घर निवडणे ही निव्वळ मनमानी आहे. घरापर्यंत जायचे तर फिरवता येणारी लूप अँटेना घेऊन जमिनीलगत जाणाऱ्या भूलहरीच्या टापूत, म्हणजे दहा-वीस किलोमीटरांच्या आत, प्रत्यक्ष फिरावे लागते. ते काम कोणताही किवी करत नाही. आमचा कॅरियर टाकणारा अजून सापडलेला नाही. तो बहुधा कुणी एक नसून अँटेना ट्यूनर जुळवणारे बरेच जण असावेत, असे मला आता वाटते. कॉलसाइन (केंद्राची ओळखखूण) न सांगता हवेत असा कॅरियर सोडणे आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनाही मान्य नाही, पण त्यामागे द्वेषच असतो असे नाही.

स्प्लॅटरच्या तक्रारीत मात्र किवीने पुन्हा चांगली साक्ष दिली. एसएसबी या बोलण्यासाठीच्या पद्धतीचा आवाज साधारण २.७ किलोहर्ट्झ रुंद असतो आणि ४० मीटरवर वापरल्या जाणाऱ्या लोअर साइडबँडमध्ये तो डायलवरच्या आकड्याच्या खाली पसरतो. शेजारचे नेट आमच्या वर फक्त २ किलोहर्ट्झवर भरत होते, म्हणजे त्यांचा निर्दोष आवाजसुद्धा आमच्या हद्दीत शिरणारच होता. हे साधे गणित मांडल्यावर काही सभासदांना आश्चर्य वाटले, याचे मला आश्चर्य वाटले. तरीही स्प्लॅटर खरोखर आहे का ते पाहायचे म्हणून चार ठिकाणचे वॉटरफॉल एकाच वेळी उघडले. तिघांवर त्या माणसाचा संदेश नीट कापलेल्या पट्टीसारखा दिसत होता. चौथ्यावर तो दोन्ही बाजूंना विस्कटलेला होता, पण तेथे एडीसी ओव्हरलोड झाल्याची खूणही दिसत होती. निष्कर्ष उघड होता: दोष एकाच ठिकाणी दिसला तर रिसीव्हर तपासावा, सगळीकडे दिसला तरच ट्रान्समीटर. तक्रार करणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या सेटवर प्रीअॅम्प (संदेश वाढवणारा भाग) आणि नॉइज ब्लँकर (खटखटीचा गोंगाट दाबणारा भाग) दोन्ही चालू निघाले. शेजारी जोरदार संदेश असताना नॉइज ब्लँकर स्वच्छ आवाजालाही फाटका करून ऐकवतो, हे त्यांनी बटण बंद करून स्वतःच ऐकले. तिसरा सभासद अजूनही आपल्या मतावर ठाम आहे.

माझ्या स्वतःच्या तक्रारीविषयी लिहायला संकोच वाटतो, पण परीक्षणात ती वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो गुरगुरणारा, सरकणारा आवाज मला वर्षभर कुणाच्या तरी खोडसाळपणाचा वाटत होता, कारण तो नेटच्याच वेळी येई. किवी बसवल्यावर पहिल्याच संध्याकाळी वॉटरफॉलवर तसल्या एका नव्हे, अनेक रेषा दिसल्या, सारख्या अंतरावर, एकत्र हलणाऱ्या, तापमानाबरोबर सरकणाऱ्या. आणि इतर कोणत्याही सार्वजनिक रिसीव्हरवर त्यांचा पत्ता नव्हता. रिसीव्हर बॅटरीवर चालवून घरातले एकेक सर्किट बंद करत गेलो, तेव्हा त्या रेषा माझ्याच टेबलावरच्या दिव्याच्या अॅडॉप्टरबरोबर नाहीशा झाल्या. नेटच्या वेळी मी लॉग लिहायला तो दिवा लावत असे. ज्या सभासदावर माझा संशय होता त्याचे नाव मी सुदैवाने फक्त दोघांजवळच घेतले होते. त्या दोघांना आणि त्यालाही मी सांगून टाकले.

इतके झाल्यावर हे जाळे सज्जनांच्याच बाजूचे आहे असे वाटू शकते. ते तसे नाही. गेल्या काही महिन्यांपासून एक जण आमच्यावर शिट्ट्या वाजवतो आणि आमचेच बोलणे मुद्रित करून थोड्या वेळाने परत ऐकवतो; याला गैरसमज म्हणायला जागा नाही. त्याने परत ऐकवलेला आवाज लक्ष देऊन ऐकल्यावर त्यात एक मंद, ओळखीची घरघर आढळली. ती एका सार्वजनिक किवीची पार्श्वभूमी होती, ज्यावर आम्हीही अनेकदा ऐकत असू. म्हणजे तोही आमच्यासारखाच दूरच्या रिसीव्हरवर बसून आपल्या व्यत्ययाचा परिणाम तपासत होता, आणि आम्ही ५ किलोहर्ट्झ सरकलो की तो ते त्याच क्षणी ऐकत होता. पूर्वी त्रास देणाऱ्याला आपण पोचतो की नाही याची खात्री नसे. ती आता त्याला फुकट मिळते. त्याचा आवाज बोलण्याचा असल्याने टीडीओएचे डाग बरेच स्थिर येतात, परंतु वर सांगितलेल्या कारणांनी मी ते कुणाला दाखवत नाही. आम्ही तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, वापरलेल्या रिसीव्हरांची नावे आणि मुद्रण अशी नोंद ठेवतो आणि ती फक्त परवाना देणाऱ्या यंत्रणेकडे पाठवतो. नेटवर त्याचा उल्लेख करायचा नाही, असेही ठरवले आहे. हा ठराव सर्वांनी पाळला असे मात्र एकाही आठवड्यात घडलेले नाही.

वापराच्या काही मर्यादा खरेदीपूर्वी माहीत असाव्यात. रिपीटरवरच्या, म्हणजे संदेश झेलून पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावरच्या, भांडणांत हे यंत्र निरुपयोगी आहे, कारण ती भांडणे बहुधा त्याहून वरच्या व्हीएचएफ पट्ट्यावर होतात आणि किवी ३० मेगाहर्ट्झवर थांबतो. तेथे रिपीटरची इनपुट फ्रिक्वेन्सी ऐकत हातात यागी ही दिशादर्शक अँटेना घेऊन फिरण्याला पर्याय नाही. बहुतेक मोठ्या स्पर्धांचे नियम रिसीव्हर ट्रान्समीटरच्याच जागी असावा असे सांगतात, त्यामुळे दूरच्या किवीवर ऐकून संपर्क पुरा करणे आणि तो लॉगमध्ये घालणे ही लबाडीच ठरते. आमच्यातल्या एका अभिमानी सभासदाला हे सांगावे लागले. टीडीओए चालवताना प्रत्येक निवडलेल्या रिसीव्हरचा एक चॅनल आपण अडवतो, तेव्हा तासन्‌तास तो प्रयोग करत राहणे म्हणजे दुसऱ्याच्या ओसरीवर पथारी पसरणे आहे. मालक वेळेची मर्यादा घालतात ते याच अनुभवातून, आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचा पाहुण्याला अधिकार नाही. केवळ एका ठिकाणाहून ऐकायचे असेल, तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठातले वेबएसडीआर शेकडो श्रोत्यांना एकाच वेळी सांभाळते आणि कानाला ते कित्येक किवींपेक्षा सरस आहे. पण भांडणात एका जागेची साक्ष फारशी पुरत नाही.

यंत्र म्हणून पहिल्या आवृत्तीत खटकणाऱ्या दोन गोष्टी आहेत. जवळ जोरदार ब्रॉडकास्ट केंद्र असेल तर एडीसी सहज ओव्हरलोड होतो आणि मग वॉटरफॉलवर नसलेले संदेश दिसू लागतात, जे वादात धोक्याचे असते. नव्या किवीएसडीआर २ मध्ये येणारा संदेश कमी करणारा ३१.५ डेसिबेलपर्यंतचा अॅटेन्युएटर दिलेला असल्याने हा त्रास कमी होतो. दुसरे म्हणजे इथरनेटची तार आणि स्विचिंग वीजपुरवठा यांच्यातून येणारा गोंगाट. लिनिअर पुरवठा आणि तारांवर फेराइट बसवल्याखेरीज या रिसीव्हरची साक्ष ग्राह्य धरू नये.

ज्याला एका विशिष्ट माणसाला पकडायचे आहे त्याने हा रिसीव्हर घेऊ नये. त्याला नकाशावर जे हवे तेच दिसेल. नेट चालवणाऱ्या मंडळींनी मात्र निदान एक तरी घ्यावा, आणि शक्य असल्यास तो नेट-कंट्रोलपासून दूर, त्याच्या मूक पट्ट्यातल्या एखाद्या सभासदाकडे बसवावा. आमचा दुसरा किवी आम्ही तसाच बसवला आहे. त्याच्या चार चॅनलांपैकी एकाला पासवर्ड लावून तो कंट्रोलसाठी राखला आहे आणि नेट उघडण्यापूर्वी दोन मिनिटे कंट्रोल तेथून फ्रिक्वेन्सी ऐकतो. परवा तेथे एक संपर्क आधीच चालू होता. आम्ही ३ किलोहर्ट्झ खाली भरलो.